धुरातून राखेत उतरलेले विष

१९७७ साली ‘केमोस्फिअर’ या संशोधनपत्रिकेत ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील ओली, व्हर्मूलन आणि हुत्झिंगर या तिघांचा एक छोटा निबंध छापून आला. नेदरलँड्समधल्या नगरपालिकांच्या कचराभट्ट्यांतून त्यांनी उडती राख आणि धूर यांचे नमुने घेतले होते आणि दोन्हींत त्यांना क्लोरीनयुक्त डायऑक्सिन व फ्युरान सापडले होते. आदल्याच वर्षी, १० जुलै १९७६ रोजी, इटलीतल्या सेव्हेसोजवळच्या रासायनिक कारखान्यातून डायऑक्सिनचा लोट बाहेर पडून जनावरे मेली होती, मुलांच्या अंगावर फोड उठले होते. तोवर हे विष म्हणजे तणनाशकांचे कारखाने आणि व्हिएतनामवर फवारलेले एजंट ऑरेंज, असाच समज होता. घराघरांतला रोजचा कचरा जाळला तरी तेच तयार होते, हे या निबंधाने दाखवून दिले. आणि तो पुरावा बऱ्याच अंशी राखेतून आलेला होता, हे मला आज मुद्दाम सांगावेसे वाटते. पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांत राखेकडचे लक्ष हळूहळू उडत गेले आणि सगळ्यांच्या नजरा धुरांड्यावर खिळल्या.

धुरांड्यावर नजर ठेवल्याचा फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेत नगरपालिकांच्या कचराभट्ट्यांच्या धुरातून १९९० साली वर्षाला सुमारे ४,४०० ग्रॅम डायऑक्सिन बाहेर पडत होते. २००५पर्यंत तो आकडा १५ ग्रॅमवर आला. युरोपने घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली आणि आपल्याकडच्या २०१६च्या नियमांनीही तीच उचलली. पण हे विष गेले कुठे? काही अंशी ते मुळात कमी तयार होऊ लागले, कारण भट्ट्या अधिक तापू लागल्या आणि धूर अधिक झपाट्याने थंड केला जाऊ लागला. उरलेले पकडले गेले. धुरात कोळशाची बारीक पूड उडवायची, डायऑक्सिन तिला चिकटू द्यायचे आणि ती पूड कापडी पिशव्यांच्या गाळणीत अडवायची, ही आजची सर्रास वापरातली पद्धत. गाळणी झटकली की जे खाली पडते, ती उडती राखच.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने देशांना आपापला हिशेब मांडता यावा म्हणून एक संच तयार केला आहे. त्यातले आकडे हा प्रकार लख्ख दाखवतात. कसलीही गाळणी नसलेल्या साध्या भट्टीत एक टन कचरा जाळला, तर हवेत ३,५०० मायक्रोग्रॅम आणि तळाच्या राखेत ७५ मायक्रोग्रॅम डायऑक्सिन जाते. हे सगळे आकडे विषसममूल्याचे आहेत. त्याबद्दल पुढे लिहितो. जुजबी गाळणी असलेल्या भट्टीत हवेत ३५०, उडत्या राखेत ५००. बऱ्यापैकी गाळणी असली तर हवेत ३०, उडत्या राखेत २००. आणि सर्वांत आधुनिक भट्टीत हवेत फक्त ०.५, उडत्या राखेत १५, तळाच्या राखेत १.५. म्हणजे उत्तम भट्टीत एकूण विष कितीतरी पटींनी घटते, पण जे उरते त्यातले जवळजवळ ९७ टक्के राखेत असते. तिथे फक्त धुरांडे मोजणाऱ्याला या विषाचे शंभरातले जेमतेम तीन भाग दिसतात.

हे विष भट्टीत नेमके कुठे तयार होते, याचा शोध लागायला दहा वर्षे गेली आणि तो शोधही राखेनेच लावून दिला. आगीच्या गाभ्यात, ८५०-१००० अंशांवर, डायऑक्सिन टिकत नाही, मोडते. म्हणून तर वायू किमान दोन सेकंद तितका तापलेला राहावा, अशी अट असते. मग बाहेर येते ते कुठून? १९८०च्या दशकात जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथे स्टिग्लिट्झ आणि फोग्ट यांनी उडती राख घेऊन ती सुमारे ३०० अंशांवर हवेत तापवून पाहिली. राखेतले डायऑक्सिन वाढले. राखेत न जळलेला कोळसा असतो, मिठाच्या रूपाने क्लोरीन असतो आणि तांब्यासारखे धातू असतात. २०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात तांबे क्रियेला चालना देते आणि कोळशाच्या कणांवर नवे रेणू जुळू लागतात. धूर बाहेर पडताना थंड होतो तो नेमका याच पट्ट्यातून. त्याच सुमारास ट्यूबिंगेनच्या हागेनमायर यांनी उलट बाजू दाखवली. तीच राख ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या जागी तेवढ्याच तापमानाला ठेवली, तर क्लोरीन सुटून जाते आणि विष नष्ट होते. त्यामुळे उडती राख हा निव्वळ गाळ समजणे चूक आहे. तापमान आणि हवा मिळाली की विष बनवणारी आणि हवा काढून घेतली की विष मोडणारी अशी ती क्रियाशील वस्तू आहे.

याच काळातला एक वाद इथे सांगायला हवा. अमेरिकेतल्या डाऊ कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९८० साली ‘सायन्स’मध्ये असे मांडले की डायऑक्सिन आगीबरोबरच येते, माणसाने आग पेटवली तेव्हापासून ते आहे. हे खरे असते तर कचराभट्ट्यांना आणि क्लोरीन उद्योगाला दोष देण्याचे कारणच उरले नसते. इंडियाना विद्यापीठातील चुच्वा आणि हाइट्स यांनी उत्तर शोधले ते तळ्यांच्या गाळात. सुपीरियर सरोवरातल्या एका बेटावरच्या तळ्यात विष पोहोचायला हवेशिवाय दुसरी वाट नाही. त्या तळ्याच्या गाळाचे थर त्यांनी वर्षांनुसार वाचले. १९४०च्या आधीच्या थरांत डायऑक्सिन नगण्य होते, त्यानंतर ते वाढत गेले. चुलीतला लाकूडफाटा आणि कोळसा तर त्याआधीही जळत होता. १९४०नंतर क्लोरीनयुक्त पदार्थ बाजारात आले आणि कचऱ्यातून भट्टीत गेले. माझ्या मते या सगळ्या विषयातले हे सर्वांत देखणे काम आहे. हातात फक्त चिखल होता आणि त्यावरून एका मोठ्या दाव्याचा निकाल लागला.

आता राखेच्या तपासणीकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. डायऑक्सिनची ७५ आणि फ्युरानची १३५ रूपे आहेत, मिळून २१०. त्यांतली १७च अतिविषारी. ज्यांच्या रेणूत दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या आणि आठव्या जागी क्लोरीन बसलेले असते ती. त्यांत डायऑक्सिनसारखे वागणारे १२ पीसीबी मिळवायचे. मर्यादा किलोमागे मायक्रोग्रॅमच्या असतात, म्हणजे शंभर कोटींत एक भाग या मापाच्या, आणि एकेक रूप त्याच्याही कितीतरी खाली मोजावे लागते. त्याच राखेत त्यांच्याच चणीचे इतर शेकडो पदार्थ हजारो पटींनी जास्त असतात.

काम सुरू होते ते ढिगाऱ्यापाशी. राख एकसारखी नसते. बारीक भुकटीत विष जास्त, खड्यांत कमी. सकाळची राख वेगळी, भट्टी थंड होऊन पुन्हा पेटवतानाची वेगळी. त्यामुळे एका फावड्याच्या नमुन्यावर ‘सुरक्षित’ असा शिक्का मारणे हा निव्वळ आळस आहे. अनेक दिवसांचे नमुने एकत्र करून, ढीग चार भागांत पाडून, समोरासमोरचे दोन भाग घेत घेत तो लहान करायचा, ही जुनी रीत अजूनही सर्वांत भरवशाची.

प्रयोगशाळेत आल्यावर त्या राखेवर आधी हायड्रोक्लोरिक आम्ल ओतावे लागते. धूर धुण्यासाठी वापरलेला चुना राखेत असतो, म्हणून आम्ल पडताच ती फसफसून वर येते. घाई केली तर नमुना चंचुपात्राबाहेर. पण ही पायरी गाळता येत नाही. डायऑक्सिन कोळशाच्या कणांत आणि क्षारांच्या आवरणात अडकून बसलेले असते. आवरण मोडले नाही तर ते बाहेर येत नाही आणि अहवालात कमी आकडा येतो. धुऊन वाळवलेली राख कागदी नळकांड्यात भरून सॉक्सलेट यंत्रात ठेवतात आणि उकळते टोल्युइन तिच्यावरून रात्रभर फिरत राहते. त्याआधीच तिच्यात कार्बन-१३ने खूण केलेल्या डायऑक्सिनची ठरावीक मात्रा मिसळलेली असते. शेवटी ती किती हाती लागते त्यावरून वाटेत किती सांडले, किती चिकटून राहिले हे कळते आणि खऱ्या आकड्याला तेवढी दुरुस्ती देता येते. समस्थानिकांच्या या हिशेबाशिवाय डायऑक्सिनचा कोणताही आकडा मी गंभीरपणे घेणार नाही.

सकाळी फ्लास्कमध्ये पिवळट-तपकिरी द्राव असतो. तो सिलिकाच्या नळीतून सोडतात. तिच्यात एकावर एक थर असतात. काही सल्फ्युरिक आम्लात भिजवलेले, काही अल्कधर्मी, काही चांदीच्या नायट्रेटचे. आम्लाचा थर बघता बघता काळा पडतो, कारण तेलकट आणि मोडणारे सगळे तिथेच जळून जाते. डायऑक्सिन मात्र आम्लालाही दाद देत नाही आणि सरळ खाली उतरते. निसर्गात आणि आपल्या चरबीत ते वर्षानुवर्षे का टिकते, हे त्या नळीकडे पाहिले की कळते. पुढे ॲल्युमिना, मग कोळशाची नळी. कोळसा सपाट रेणू धरून ठेवतो. नळी उलटी करून टोल्युइन सोडले की तेवढेच सुटतात. शेवटी काचेच्या इवल्या कुपीत वीस मायक्रोलिटर द्राव उरतो. त्यातला एक मायक्रोलिटर साठ मीटर लांबीच्या, केसासारख्या बारीक नळीतून वायूरूपात धावतो आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये शिरतो. सर्वांत विषारी असलेल्या २,३,७,८-टीसीडीडीसाठी यंत्र ३१९.८९६५ आणि ३२१.८९३६ हे दोन वस्तुमान पाहते. दोन्हींचे प्रमाण ०.७७च्या आसपास हवे आणि खूण केलेल्या जोडीदाराबरोबर ते एकाच क्षणी बाहेर पडले पाहिजे. त्यातले काही चुकले तर आलेखावरचे ते शिखर डायऑक्सिनचे नाही.

यासाठी लागणारे उच्च विभेदनाचे यंत्र कोट्यवधींचे असते आणि ते चालवणारी माणसे तयार व्हायला वर्षे लागतात. अन्न आणि पशुखाद्याच्या तपासणीसाठी युरोपने २०१४ साली तुलनेने स्वस्त अशा तिहेरी क्वाड्रपोल यंत्रालाही मान्यता दिली. दुसरा मार्ग पेशींचा. डायऑक्सिन पेशीतल्या ज्या ग्राहीला चिकटते, तिच्या इशाऱ्यावर चालेल असे काजव्याच्या प्रकाशाचे जनुक पेशीत घातलेले असते. विष जितके जास्त तितका प्रकाश अधिक. ही चाचणी कुठले रूप किती हे सांगत नाही, पण शेकडो नमुन्यांतून संशयास्पद निवडायला ती फार कामाची आहे. आपल्यासारख्या देशाने दोन्हींची जोड घालायला हवी: चाळणी पेशींची, निकाल यंत्राचा.

यंत्रातून सतरा आकडे आले की त्यांचा एक आकडा करतात. प्रत्येक रूपाला त्याच्या विषारीपणानुसार गुणांक असतो, २,३,७,८-टीसीडीडीला १. गुणाकार करून बेरीज केली की विषसममूल्य मिळते. सोय मोठी, पण गुणांक स्थिर नाहीत. कचराभट्टीच्या राखेत ज्याचा वाटा बहुधा सर्वांत मोठा असतो त्या २,३,४,७,८-पेंटाक्लोरोफ्युरानचा गुणांक जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये ०.५वरून ०.३ केला. राख तीच, विष तेच, आकडा घटला. त्यात आणखी एक पळवाट आहे. जे रूप यंत्राला दिसले नाही ते शून्य धरायचे की यंत्राच्या किमान मापनाइतके? कमी संवेदनशील यंत्र वापरून न दिसलेले सगळे शून्य धरले, तर निष्काळजी प्रयोगशाळेचा अहवाल सर्वांत स्वच्छ दिसतो.

मर्यादांच्या बाबतीत जपान बराच कडक आहे. ओसाकाजवळच्या नोसे इथल्या भट्टीच्या परिसरात आणि तिथल्या कामगारांच्या रक्तात प्रचंड डायऑक्सिन सापडल्यावर देश हादरला. १९९९मध्ये खास कायदा झाला आणि राख पुरण्यासाठी ग्रॅममागे ३ नॅनोग्रॅमची, म्हणजे किलोमागे ३ मायक्रोग्रॅमची, मर्यादा आली. युरोपात कचऱ्यासाठीची मर्यादा बराच काळ किलोमागे १५ मायक्रोग्रॅम होती. २०२२च्या दुरुस्तीने ती ५वर आणली. आता वरच्या संचातले आकडे यांना लावून पाहू. टनामागे वीस किलो उडती राख धरली, तर बऱ्यापैकी गाळणी असलेल्या भट्टीची राख किलोमागे १० मायक्रोग्रॅम भरते. जपानमध्येही नापास, युरोपातही नापास. आधुनिक भट्टीची राख एकच्याही खाली बसते. धुरांड्याचा आकडा बरा दिसला म्हणून राख सुरक्षित समजता येत नाही, ते इथे उघड होते.

राख बाहेर पडली की तिचे काय होते, याची दोन उदाहरणे. फिलाडेल्फियाची सुमारे १४,००० टन राख घेऊन १९८६ साली ‘खियान सी’ हे जहाज निघाले. ती कुणी घेईना, तेव्हा जानेवारी १९८८मध्ये त्यातली सुमारे ४,००० टन हैतीच्या गोनाइव्ह किनाऱ्यावर खत म्हणून उतरवली आणि बाकीची समुद्रात लोटली. किनाऱ्यावरची राख अमेरिकेत परत न्यायला २००० साल उजाडले. दुसरे उदाहरण इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे. बायकर इथल्या भट्टीची दोन हजार टनांच्या आसपास राख १९९० च्या दशकात लोकांच्या भाजीपाल्याच्या वाफ्यांमधल्या पायवाटांवर पसरली गेली. तळाच्या राखेत उडती राख मिसळलेली होती. वाफ्यांशेजारी कोंबड्या होत्या. त्या जमीन उकरतात, माती टिपतात. अंड्यांत डायऑक्सिन निघाले, ती खाऊ नका असे सांगावे लागले, राख उचलावी लागली आणि पुढे पालिका व भट्टीचालक दोघांनाही न्यायालयात दंड झाला. तेव्हापासून डायऑक्सिन कुठवर पोहोचले हे पाहण्यासाठी जगभर मोकळ्या कोंबड्यांची अंडी तपासतात. माणसात ते सात ते अकरा वर्षांत जेमतेम निम्मे होते आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८मध्ये आठवड्याला शरीराच्या किलोमागे फक्त २ पिकोग्रॅम एवढीच मात्रा सहनीय ठरवली. अंडी, दूध, मासे यांतून ती ओलांडायला फार लागत नाही.

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात फसव्या निर्धास्तपणाने झाली. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डॅनिश बनावटीची रोज ३०० टनांची भट्टी उभारली आणि ती काही आठवड्यांतच बंद पडली, कारण आपला ओला, मातकट कचरा जळेचना. त्यामुळे राखेचा प्रश्नच उद्भवला नाही. आता तसे नाही. दिल्लीत ओखल्यापासून भट्ट्यांची रांग लागली आहे. पिंपरी-चिंचवडच्या मोशीत १ ऑगस्ट २०२३ रोजी रोज ७०० टनांचा, १४ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. कचऱ्याच्या वीस टक्के राख उरते हा युरोपातला ढोबळ हिशेब लावला तरी रोज १४० टन होते. आपल्या कचऱ्यात माती आणि दगड जास्त, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून अधिकच धरावी.

आणि नियम काय सांगत आले? २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत धुरांड्यासाठी ०.१ नॅनोग्रॅमची मर्यादा होती, सहा ते आठ तासांचा नमुना घ्या असे होते, सतरा रूपांचाही उल्लेख होता. राखेबाबतचे वाक्य मात्र विषारी धातूंचे: धातू मर्यादेबाहेर असतील तर राख घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवा. महाराष्ट्रात अशी केंद्रे तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. धातू तपासताना राख सौम्य ॲसिटिक आम्लात अठरा तास घुसळून त्यात काय उतरते ते पाहण्याची चाचणी वापरतात. शिसे, कॅडमियम तिच्यात सापडतात. डायऑक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे ही चाचणी त्याच्यासाठी आंधळी आहे. ते पाण्यातून न जाता धुळीतून, चोचीतून, हातावरच्या राखेतून जाते. राख ‘पास’ झाली असे कुणी म्हणाले, तर आधी विचारावे: कशात?

रुग्णालयांच्या कचऱ्याची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण सलाईनच्या नळ्या आणि रक्ताच्या पिशव्या पीव्हीसीच्या असतात आणि पीव्हीसीत क्लोरीन ठासून भरलेले. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी क्लोरीनयुक्त पिशव्या आणि हातमोजे टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले. मला तो त्या नियमांतला सर्वांत शहाणा भाग वाटतो, कारण तो मुळाशी जातो. डायऑक्सिनची तपासणी मात्र वर्षातून एकदा, धुराची. मुंबईतल्या गोवंडीच्या रहिवाशांनी रुग्णालयांचा कचरा जाळणाऱ्या एका केंद्राविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०२३मध्ये ते हलवण्याचा आदेश मिळवला. त्यांची तक्रार धुराची होती, आणि ती रास्तच होती. पण केंद्र गेले तरी तिथे सांडलेली राख त्याच्याबरोबर जात नाही.

डायऑक्सिन मोजू शकणाऱ्या प्रयोगशाळा देशात मोजक्याच आहेत. तिरुवनंतपुरमच्या सीएसआयआर-एनआयआयएसटीची प्रयोगशाळा त्यांतली महत्त्वाची. अशा टिकाऊ विषांवरचा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार भारताने २००६मध्ये मान्य केला आणि त्यात नकळत तयार होणाऱ्या या विषांचा हिशेब ठेवण्याची जबाबदारीही आली. मुंबई-पुण्याच्या परिसरात अशी सरकारी प्रयोगशाळा उभी करणे हा एका भट्टीच्या खर्चापुढे किरकोळ खर्च आहे.

राखेतले विष मोडता येते. हागेनमायरच्या तत्त्वावरचे बंद ड्रम आहेत, जपानमध्ये राख १,३०० अंशांच्या वर वितळवून काचेसारखी करतात, जर्मनीत ती जुन्या मिठाच्या खाणींत ठेवतात, नॉर्वेत लांगोया बेटावर टाकाऊ आम्लाशी मिसळून जिप्सम करून पुरतात. सिमेंटमध्ये घट्ट बांधणे सर्वांत स्वस्त, पण त्यात विष तसेच राहते, फक्त पसरत नाही. राखेच्या विटा आणि पेव्हर ब्लॉक ही कल्पना आपल्याकडे लगेच उचलली जाते. तळाच्या राखेपुरती, तपासून, ती चालू शकेल. गाळणीतली राख तिच्यात मिसळली की बायकरच्या पायवाटा पुन्हा घडतील; म्हणून दोन राखा भट्टीतच वेगळ्या ठेवणे आणि त्यांच्या गाड्याही वेगळ्या असणे, ही कुठल्याही यंत्राशिवाय आजच करता येण्याजोगी गोष्ट आहे.

याला एक उत्तर नेहमी मिळते: डम्पिंग ग्राउंड पेटते तेव्हा याहून कितीतरी जास्त डायऑक्सिन हवेत जाते. ते अगदी खरे आहे. उघड्यावर, धुमसत, कमी तापमानाला जळणारा प्लास्टिकमिश्रित कचरा हा डायऑक्सिनच्या सर्वांत वाईट स्रोतांपैकी एक आहे. पण उघडी आग वाईट आहे एवढ्याने भट्टीची राख मोजण्यातून सुटका होत नाही. उलट जिथे आधी आगी लागल्या तिथे भट्टी येणार असेल, तर मोजण्याची निकड वाढते. मुंबईतल्या देवनार डम्पिंग ग्राउंडसाठी रोज ६०० टनांचा प्रकल्प मंजूर झाला आहे. तिथली माती दशकानुदशके कचऱ्याच्या आगींनी माखलेली आहे. भट्टी पेटण्याआधी त्या मातीचे, आसपासच्या वस्त्यांतल्या अंगणांचे आणि मोकळ्या कोंबड्यांच्या अंड्यांचे नमुने घेऊन सतरा रूपांचे आकडे नोंदवायला हवेत. प्रत्येक उगमाचा ठसा वेगळा असतो. कुठे फ्युरान जास्त, कुठे आठ क्लोरीनचे डायऑक्सिन. आधीचा ठसा हातात असला तरच दहा वर्षांनी कुणी विचारील तेव्हा त्या मातीत जुन्या आगीचे किती आणि नव्या राखेचे किती, हे वेगळे करून सांगता येईल.